सही आईचीच आहे, पण समजून केली होती का?

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपला नंबर लागला की दस्त नोंदवायचं काम थोड्या वेळात उरकतं. खुर्चीवर बसवतात, कॅमेऱ्यात फोटो घेतात, यंत्रावर अंगठा टेकवायला सांगतात आणि विचारतात, "आजी, दस्त तुम्हीच करून देताय ना? मान्य आहे ना?" आजी हसून म्हणतात, "हो." डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, नातवाचं नाव जातं, गॅस बंद केला का ते जातं, आज वार कोणता तेही जातं. पण चारचौघांत कसं वागायचं हे अंगवळणी पडलेलं असतं आणि ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. कुणी अदबीनं विचारलं की मान डोलवायची, हसायचं, हो म्हणायचं. त्या एका 'हो'वर घर दुसऱ्याच्या नावावर होऊ शकतं. कागद पाहिला तर सगळं रीतसर: सही खरी, अंगठा खरा, फोटोही खरा.

इतर मुलांना हे कळेपर्यंत एक-दोन महिने गेलेले असतात. मग वकिलाकडे धाव. तिथे पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं: "तिला डिमेन्शिया आहे हो, म्हणजे तिच्या सहीला काही अर्थच नाही ना?"

अर्थ आहे. निदान तो नाही हे सिद्ध होईपर्यंत तरी आहे. आपल्याकडचा कायदा या प्रश्नाकडे कसा बघतो, कुठे हात देतो आणि कुठे चक्क रिकामी जागा सोडतो, ते इथे सांगतो. कायदे देशभराचे आहेत, दस्त आणि सातबाऱ्याच्या गोष्टी मात्र महाराष्ट्रातल्या.

आजार नव्हे, सहीची वेळ

सगळ्याच्या मुळाशी आहे 1872 चा करार कायदा. त्याच्या कलम 12 चा आशय असा: करार करताना त्या माणसाला करार समजत असेल आणि त्यात आपलं हित-अहित काय हे तो ठरवू शकत असेल, तर तो त्या कामापुरता शुद्धीवरचा. एरवी भान नसलेला माणूस मध्येच भानावर असताना करार करू शकतो, आणि एरवी ठणठणीत असलेला माणूस भान नसताना करू शकत नाही. म्हणजे प्रश्न 'आईला डिमेन्शिया आहे का' हा उरतच नाही. प्रश्न असा होतो की 14 तारखेला सकाळी अकरा वाजता, त्या खुर्चीवर बसलेली असताना, तिला आपण घर देऊन टाकतोय हे कळत होतं का?

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हेच आणखी ठळक करतो. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही धरलाय. पण त्याच कायद्याचं कलम 3 म्हणतं की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी अस्थिर बुद्धीचा ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयानं जाहीर करावं लागतं.

पहिल्यांदा वाचताना हे फार अडचणीचं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण उलटं करून पाहा. नुसत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर माणसाचे हक्क संपत असते, तर सगळ्यात आधी ती चिठ्ठी कुणी मिळवली असती? ज्याचा घरावर डोळा आहे त्यानंच. आणि सुरुवातीच्या काळात माणसाला पुष्कळ काही कळत असतं. विजेचं बिल भरणं जमत नाही, पण 'हे घर धाकटीला द्यायचं' हे पक्कं ठाऊक असतं. ती इच्छा कायद्याला मोडीत काढायची नाही.

म्हणून तारखा जपा. विसरण्याबद्दल डॉक्टरला पहिल्यांदा दाखवलं कधी, स्मरणशक्तीच्या चाचणीत 30 पैकी किती गुण आले, सहा महिन्यांनी किती आले, कोणती गोळी कधी सुरू झाली, मेंदूचा स्कॅन कधी काढला. पुढे कोर्टात भांडण होतं ते याच तारखा आणि दस्ताची तारीख यांच्यामधल्या अंतरावर. डॉक्टरकडे जाताना नुसती औषधं लिहून घेऊन परतू नका. 'आर्थिक व्यवहार समजण्याची क्षमता' याबद्दल दोन ओळी केसपेपरवर लिहायला सांगा. 'विस्मरण आहे' एवढ्या शब्दांवर समोरचा वकील सहज निसटतो.

समज शाबूत असतानाची कामं

कुलमुखत्यारपत्रापासून सुरुवात करावी लागते, कारण याबाबत सर्वात मोठा गैरसमज घरोघर आहे. "आईकडून पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून घेतली की झालं, पुढचं मी बघतो." काही देशांत देणाऱ्याची समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे करार कायद्याचं कलम 201 सांगतं की अधिकार देणारा माणूस मरण पावला किंवा त्याची बुद्धी अस्थिर झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे छत्री कडक उन्हात उघडते आणि पाऊस आला की मिटते. ज्या दिवसासाठी तो कागद केला, त्याच दिवशी तो निकामी.

प्रत्यक्षात तो कागद पुढेही वापरला जातो, कारण बँकेला किंवा सोसायटीला आईची समज गेली हे कुणी सांगितलेलंच नसतं. इथे कलम 208 लक्षात ठेवायचं: अधिकार संपल्याचं तिसऱ्या माणसाला जोवर कळत नाही, तोवर त्याच्यापुरता तो संपलेला धरत नाहीत. म्हणून भाऊ किंवा पुतण्या जुन्या मुखत्यारपत्रावर अजून सह्या ठोकत असेल, तर बँक, हाउसिंग सोसायटी, दुय्यम निबंधक, भाडेकरू, जिथे जिथे तो कागद फिरला असेल तिथे लेखी कळवा आणि पोच घ्या. फोनवर सांगितल्याचा उपयोग नाही. आई अजून समजण्याच्या अवस्थेत असेल तर तिनं स्वतः मुखत्यारपत्र रद्द करणं सर्वात चांगलं. मूळ कागद नोंदवलेला असेल तर रद्दपत्रही नोंदवून घ्या.

समज गेल्यावरही टिकेल अशी व्यवस्था हवी असेल तर खासगी विश्वस्त व्यवस्था, म्हणजे ट्रस्ट, हा रस्ता आहे. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखाली आई आपली मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवते आणि लिहून ठेवते की मी असेपर्यंत हे माझ्या राहण्या-खाण्या-औषधावर खर्च करा, नंतर अमक्याला द्या. विश्वस्त दोन ठेवा आणि त्यातला एक घराबाहेरचा ठेवा. स्थावर मालमत्ता असेल तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क आणि वकिलाची फी लागते. एका वन-बीएचकेसाठी एवढा घाट घालावा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण दोन घरं, ठेवी आणि न पटणारी चार भावंडं असतील तर मी तरी घालीन.

मृत्युपत्र सगळ्यांना माहीत असतं. ते जिवंतपणीच्या लुबाडणुकीपासून वाचवत नाही, पण आईच्या मागं होणाऱ्या भांडणातली निम्मी हवा काढून घेतं. भारतीय वारसा कायदा 1925 प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक आईला नेहमी तपासणारा डॉक्टर असेल आणि त्याच दिवशीचं तिच्या मनःस्थितीचं प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर कागदाला वजन येतं. नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदवलं म्हणून ते खरं ठरतं असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1958 च्या एका गाजलेल्या निकालापासून नियम असा आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची. ज्याला सगळं मिळालं त्यानंच वकील ठरवला, त्यानंच गाडीत घालून नेलं आणि बाकीच्यांना पत्ता नाही, असा प्रकार असेल तर संशयाला जागा आहे.

बक्षीसपत्राबद्दल मात्र माझं मत तिखट आहे. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, त्यामुळे "आई, आत्ताच करून टाक, नंतर कटकट नको" हे वाक्य फार लवकर ऐकू येतं. मृत्युपत्र शंभर वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र झालं की घर गेलं. तरीही करायचंच असेल तर त्यातच स्पष्ट लिहा: घेणाऱ्यानं आईला या घरात मरेपर्यंत राहू द्यायचं, तिचं खाणं-पिणं, औषधपाणी आणि देखभाल करायची. हे एक वाक्य का महत्त्वाचं, ते पुढे येईल.

उपचारांबाबतची आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची सोय 2017 च्या कायद्यात आहे. ती जरूर वापरा, पण ती मानसिक आजारावरच्या उपचारांपुरतीच आहे. तिचा पासबुकाशी संबंध नाही.

राहिलं बँकेचं. संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीचं असलं की दुसऱ्या नावाचा माणूस एका दुपारी ते रिकामं करू शकतो आणि बँक त्याला अडवत नाही. खात्यावर नावं दोन असली तरी पैसा आईचाच असतो, पण हे पटवायला पुढे कोर्ट लागतं. मोठ्या ठेवी 'दोघांच्या सहीनं' अशा ठेवा आणि रोजच्या खर्चाला वेगळं लहान खातं ठेवा. एटीएमची मर्यादा कमी करा, व्यवहाराचे मेसेज तुमच्याही फोनवर येतील असं बघा, आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. यात कायदा फारसा नाही, पण या गोष्टी दोन दिवसांत होतात. दाव्याला वर्षं लागतात.

समज गेल्यावर: पालक कोण?

इथे आपल्या कायद्यात खरंच भगदाड आहे. 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेण्याची पूर्ण पद्धत दिलेली होती. 2017 चा कायदा आला, जुना रद्द झाला आणि ते प्रकरण नव्यात आलंच नाही. नवा कायदा रुग्णाच्या हक्कांसाठी चांगला आहे, पण 'आईच्या ठेवीतून तिच्याच नर्सचा पगार कसा द्यायचा' याचं उत्तर त्यात नाही.

कुणीतरी सांगतं, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून पालकत्व मिळतं. 1999 चा तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. म्हातारपणी आलेला डिमेन्शिया त्यात बसत नाही. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. अशा दोन-तीन खिडक्यांवरून परत आल्यावर मग दोन दारं उरतात.

एक दार दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं. त्याच्या परिशिष्टात मानसिक आजाराची व्याख्या आहे आणि तिच्यात स्मरणशक्तीचा बिघाड येतो. कलम 14 प्रमाणे जिल्हा न्यायालय किंवा राज्य सरकारनं ठरवून दिलेला अधिकारी 'मर्यादित पालक' नेमू शकतो. मर्यादित म्हणजे ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेप्रमाणे. शेवटच्या टप्प्यातल्या, बोलणं थांबलेल्या माणसाशी सल्लामसलत कशी करायची, असा प्रश्न पडतोच. पण मधल्या टप्प्यासाठी ही कल्पना मला आवडते. घर विकायला पालक लागेल, साडी कोणती नेसायची ते ठरवायला नको.

दुसरं दार उच्च न्यायालय. घटनेच्या अनुच्छेद 226 खाली, स्वतःचं हित सांभाळू न शकणाऱ्या माणसाचं पालकत्व शेवटी राज्याकडे येतं या जुन्या तत्त्वावर, उच्च न्यायालयं पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयानं 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची पद्धत आखून दिली. मुंबई उच्च न्यायालयानं 2020 मध्ये त्याच वाटेनं कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं. डिमेन्शियाची घरंही आता याच वाटेनं जातात.

अर्जाला काय लागतं? न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं सविस्तर प्रमाणपत्र. आईच्या मालमत्तेची पूर्ण यादी, खातेक्रमांकांसह. महिन्याचा खर्च. तुमची स्वतःची आर्थिक स्थिती, कारण कर्जात बुडालेल्या मुलाच्या हातात ठेवी द्यायला कोर्ट कचरणारच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाकीच्या वारसांची संमती. सगळ्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं असतील तर गाडं लवकर सरकतं. एकानं जरी आडकाठी घातली की तेच प्रकरण वर्षावर जातं. कोर्ट वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करवून घेऊ शकतं, स्थावर विकण्याआधी परवानगी घ्या म्हणू शकतं, ठरावीक काळानं हिशेब मागू शकतं. हिशेबाचा राग मानू नका. औषधाच्या दुकानाची बिलं आजपासूनच एका फाइलीत टाकायला लागा, म्हणजे उद्या तुमच्यावर बोट उठलं तर तीच फाइल कामी येईल. लुबाडणारा परकाच असतो असं थोडंच आहे? आईजवळ राहून सगळं करणाऱ्या मुलीकडेही दूरचे भाऊ संशयानंच बघत असतात.

नुकसान झालेलंच असेल तर

समजा, वडिलांचं पेन्शनचं पासबुक भरून आणलं. गेली कित्येक वर्षं महिन्यात एकदाच, पहिल्या आठवड्यात, 15,000 काढलेले दिसतात. एप्रिलपासून चित्र बदलतं: 5 तारखेला 10,000, 6 ला 10,000, 7 ला 10,000, तेही त्यांच्या चालण्याच्या पलीकडच्या एटीएममधून. एप्रिलमध्ये घरात काय बदललं? नवा मदतनीस आला, की मुलगा परत राहायला आला? पोलिसांसमोर किंवा कोर्टासमोर हे पान शब्दांपेक्षा जास्त बोलतं. त्यावर पेनानं खुणा करू नका, स्वच्छ प्रत काढा आणि बँकेकडून शिक्का मारलेला उतारा घ्या. त्या एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा असं बँकेला त्याच दिवशी लेखी द्या, कारण ते कायम राहत नाही. फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतच थांबण्याची शक्यता जास्त असते.

घराचा किंवा जमिनीचा दस्त झाला असेल तर दिवाणी दावा. इथे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि बहुतेक वेळा ते दोन्ही मांडतात. पहिला: त्या वेळी आईला समजच नव्हती, म्हणून दस्त मुळातच शून्य. दुसरा: थोडीफार समज होती, पण समोरच्यानं तिच्यावरच्या पकडीचा गैरफायदा घेतला, म्हणून दस्त रद्द व्हावा. या दुसऱ्यासाठी करार कायद्याचं कलम 16 आहे, आणि ते वाचताना वाटतं की 1872 मध्ये बसून कुणीतरी आपल्याच घरात डोकावलं होतं. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक त्रासामुळे ज्याची मानसिक क्षमता कमी झाली आहे, अशा माणसाशी व्यवहार करणारा वरचढ स्थितीत आहे असंच हे कलम धरून चालतं. व्यवहार उघड उघड अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणलं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं त्या वरचढ माणसावर जातं. एवढं ओझं समोरच्याच्या खांद्यावर गेलं की दाव्याचा तोल बदलतो.

आई स्वतः दावा लावू शकत नाही, मग कोण लावणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 नियम 15 मध्ये सोय आहे. मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित जपू न शकणाऱ्या माणसाच्या वतीनं 'वादमित्र' दावा लावतो. त्यासाठी आधी कुठल्या कोर्टानं तिला अस्थिर बुद्धीची ठरवलेलं असलंच पाहिजे असं नाही, त्याच कोर्टात चौकशी होऊ शकते. उच्च न्यायालयातून पालकत्व मिळेपर्यंत थांबू नका, हा त्याचा अर्थ.

दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करा, म्हणजे घर पुढे विकलं जाणार नाही. शिवाय महाराष्ट्रात एक गोष्ट विसरली जाते: दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. कायद्यात इथे केलेल्या दुरुस्तीमुळे ती नोंद नसेल तर नंतर घर घेणाऱ्याला दाव्यानं बांधता येत नाही. मुदतीचं म्हणाल तर दस्त रद्द करून घ्यायला, तो ज्यामुळे रद्द ठरतो ती हकीकत कळल्यापासून 3 वर्षं असतात. अस्थिर बुद्धीच्या माणसाला मुदत कायद्यात सवलत आहे, पण त्या सवलतीवर विसंबून झोपू नका.

जमीन असेल तर फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीवर, लक्ष ठेवा. महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला 15 दिवस असतात. हरकत लेखी द्या, दस्ताची आणि वैद्यकीय कागदांची प्रत जोडा, तलाठ्याकडून पोच घ्या. फेरफारानं मालकी ठरत नाही, पण सातबाऱ्यावर नाव चढलं की पुढचा गिऱ्हाईक फसायला तयार होतो. शहरातल्या घरासाठी नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात अधूनमधून आईच्या घराचा तपशील टाकून बघत जा. नवा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, निघाला असेल तर तो तिथे दिसेल.

पोलिसांकडे गेलात की हमखास ऐकायला मिळतं, "हे सिव्हिल मॅटर आहे." काही वेळा ते बरोबरही असतं. पण विश्वासानं सोपवलेला पैसा खाल्ला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 लागतं, फसवणुकीला 318, खोट्या सहीला बनावटीकरणाची कलमं. "काकांनीच राजीखुशीनं दिले" या बचावाला त्याच संहितेचं कलम 28 उत्तर देतं: बुद्धी अस्थिर असल्यामुळे ज्याला आपण कशाला संमती देतोय हे कळत नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. देखभालीचा करार करून असहाय माणसाला वाऱ्यावर सोडणाऱ्या मदतनीसासाठी कलम 357 आहे. शिक्षा छोटी, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर तीच पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

प्रांतांकडचा रस्ता आणि एक न वापरला जाणारा कायदा

2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा अनेकांना ऐकून माहीत असतो. त्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. निर्वाहाची रक्कम कायद्यात महिन्याला 10,000 पर्यंतच ठेवली आहे, त्यामुळे खरा उपयोग कलम 23 चा. मालमत्ता देताना 'माझी देखभाल कर' अशी अट होती आणि घेणाऱ्यानं ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं किंवा दडपणानं झालं असं मानून रद्द करता येतं. अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं. 2025 च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं, बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकतं हे स्पष्ट केलं. बक्षीसपत्रातल्या त्या एका वाक्याचा आग्रह मी का धरला ते आता ध्यानात आलं असेल.

अडचण एवढीच की रद्द करायचा पर्याय देणाऱ्याच्या हातात आहे. आईला अर्ज करणंच शक्य नसेल तर ज्येष्ठांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था तिच्या वतीनं कलम 23 खाली पुढे येऊ शकते. अशी संस्था जवळपास कोणती, हे ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवर विचारा.

आता तो न वापरला जाणारा कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा म्हटलं की डोळ्यासमोर सून येते. पण तो घरातल्या कुठल्याही स्त्रीसाठी आहे, आईसाठीसुद्धा. त्यात 'आर्थिक छळ' नावानिशी आहे: तिचा पैसा अडवणं, तिच्या वस्तू विकणं. तिच्या वतीनं दुसरं कुणीही अर्ज करू शकतं. दंडाधिकारी मुलाला तिची मालमत्ता विकायला, लॉकर किंवा खातं वापरायला मनाई करू शकतात. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकल्यापासून तो सुनेविरुद्ध किंवा मुलीविरुद्धही चालतो. वडिलांना हा कायदा लागू नाही आणि पगारी मदतनीसाविरुद्धही तो चालत नाही. पण मुलगाच आईला लुबाडत असेल तर दिवाणी दाव्याच्या मानानं हा रस्ता जवळचा पडतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रियांना आणि मानसिक आजार असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क उत्पन्नाची अट न लावता दिलेला आहे. अर्ज आईच्या नावानं करा.

आणि कोर्टातल्या तारखेचं एक. आदेश 32 खाली चौकशी असो की पालकत्वाचा अर्ज, न्यायाधीश आईशी स्वतः बोलायचं ठरवू शकतात. नाव, पत्ता, मुलं किती, हे घर कुणाचं, असे साधे प्रश्न असतात. डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांची घालमेल दुपार कलल्यावर वाढते, त्यामुळे सकाळची वेळ मागा आणि का मागताय ते अर्जात लिहा. तिला आणणं झेपणार नसेल तर व्हिडिओवरून किंवा घरी येऊन बोलण्याची विनंती करा. उत्तरं पाठ करून घेऊ नका, आणि ती बोलत असताना मध्ये शब्द पुरवू नका. ती पुन्हा हसून "हो" म्हणेलच. या वेळी तो 'हो' ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायला वेळ असतो: "आजी, कशाला हो म्हणालात?"